कासवाची अर्धी मान

विषय : वनसभेच्या इतिवृत्तात दुरुस्ती करण्याबाबत.
संदर्भ : सभेचे कारकून साळिंदर यांचा अर्ज.

प्राणी बोलत असत आणि बोलायच्या वेळी गप्प बसत, त्या फार जुन्या काळची ही हकिगत.

तळ्याकाठच्या रानात राजा नव्हता, सभा होती. ठराव मांडला की साळिंदर तीनदा विचारी, "कुणाची हरकत?" दर खेपेला झाडाचं पान गळून पाण्यावर टेकेल एवढा वेळ थांबायचा रिवाज होता. एकानेही हरकत घेतली, की ठराव पुढच्या पौर्णिमेवर जाई.

लांडगा दर सभेत ओरडे, "रान रानच्यांचंच!" सगळे हसत. साळिंदरही हसे. नोंद करण्याजोगं त्यात काही नाही, असं त्याचं मत होतं.

एका वर्षी पाऊस रुसला, तळं आटलं. लांडगा म्हणाला, "आटलं कसलं? पाहुण्यांनी प्यायलं!" या वेळी कुणी हसलं नाही. ठराव आला : ज्यांचे आजे या काठी जन्मले नाहीत, त्यांनी आजच रान सोडावं.

करकोचा दर हिवाळ्यात दुरून येई, घरटं बांधी, आणि साळिंदराच्या तळव्यात रुतलेले काटे चोचीने काढी. त्याच्या दोन पिल्लांना अजून पंख फुटायचे होते. तो हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, आज जरा सावकाश विचारा. कासवआजोबा हरकत घेणार आहेत."

"रिवाज मला शिकवू नका," साळिंदर म्हणाला.

"आटपा हो, भाऊसाहेब!" लांडगा ओरडला. "ऊन चढतंय. तुम्ही आमचेच ना?"

साळिंदराने एका दमात तीनदा विचारलं. कासवाची मान अर्धी बाहेर आली होती. साळिंदराला ती दिसली. त्याने लिहिलं, 'हरकत नाही. एकमताने मंजूर.'

निघण्याआधी करकोच्याने त्याच्या तळव्यातला काटा नेहमीसारखाच काढला. "दुखलं का, भाऊसाहेब?" एवढंच विचारलं.

चोचीत एका वेळी एकच पिल्लू मावतं. दुसऱ्या खेपेला वेशीवर लांडगे उभे होते.

तळं पुढच्या पावसात भरलं. करकोचा आला नाही. साळिंदर लंगडत सभेत गेला आणि त्याने अर्ज दिला : 'कासवाची मान बाहेर आली होती. मी पाहिली होती. तशी नोंद व्हावी.'

तात्पर्य : सभ्य लोकांनी हरकतीला सवड ठेवली नाही, की लांडग्याला दात वापरावे लागत नाहीत.

अर्ज सभाध्यक्ष लांडगा यांच्याकडे प्रलंबित आहे.