वडाच्या पोकळ खोडातला धनेश

त्या रानात राजा कुणाला भेटत नसे. गाऱ्हाणं सांगायचं ते एका जुन्या वडाच्या मुळाशी. वडाचं खोड आतून पोकळ होतं. मुळाशी बोललेला शब्द त्यातून वर चढे आणि एखाद्या मोकळ्या ढोलीतून दरबाराकडे जाई. कुठली ढोली उघडी ठेवायची आणि कुठली चिखलानं लिंपायची, हे म्हाताऱ्या धनेश पक्ष्याचं काम होतं.

गर्दी वाढली, तशा ढोल्या अडू लागल्या. खाली नुसतं घुमणं ऐकू येई आणि जनावरं वैतागून परतत. हुकूम आला : कुणीही उत्तरावाचून परत जाता कामा नये. धनेशानं चोच झिजेस्तोवर नव्या ढोल्या कोरल्या. दरबारानं प्रत्येक ढोलीत पढवलेला पोपट बसवला. दरबारात ऐकणारे कान काही वाढले नाहीत. धनेशानं तसं सांगून पाहिलं. मग सांगणंही सोडून दिलं.

एका दुपारी ओढा फुटला. एक साळिंदरीण धापा टाकत मुळाशी आली.

"माझी पिल्लं बिळात अडकलीत! पाणी चढतंय!"

"पाण्याच्या गाऱ्हाण्यासाठी डावं मूळ," पोपट गोड आवाजात म्हणाला.

ती डावीकडे धावली. तिथला पोपट म्हणाला, "पिल्लांच्या गाऱ्हाण्यासाठी उजवं मूळ."

धनेशाला राहवेना. पोपटाला बाजूला सारून त्यानं ढोलीत डोकं घातलं. "बाई, बीळ कुठंय? मी ऐकतोय, बोल."

तिनं खालून अदबीनं विचारलं, "हे कुठल्या मुळाशी सांगू?"

धनेश खाली उतरला, तोवर ती उजव्या मुळाकडे धावली होती. चिखलात तिच्या पावलांचे ठसे होते. त्यांच्या मागानं तो बिळाशी पोचला आणि उरल्यासुरल्या चोचीनं माती उकरू लागला. पिल्लं जिवंत होती. त्यांना बाहेर ओढेपर्यंत त्याचे पंख इतके भिजले, की उडणं शक्यच नव्हतं. पिल्लांना पुढं घालून तो चालतच परतला.

साळिंदरीण उजव्या मुळाला कान लावून बसली होती.

"बाई, ही घे तुझी पिल्लं," तो दमून म्हणाला.

गारठलेली पिल्लं कुईकुई करत तिला बिलगली. तिनं मान वळवली नाही.

"गलका करू नका रे," ती म्हणाली, "आता माझीच पाळी आहे." आणि तिनं कान मुळाला आणखी घट्ट लावला.