बिनसुळ्यांची राणी

एका राज्यात नद्या होत्या, पण नद्यांत पाणी नव्हतं. राजाच्या माणसांनी खड्डे खणून जंगलातले तीन हत्ती धरले, त्याच दिवशी अरण्यातल्या जादूगारानं मंतरून नद्या आटवल्या. त्याचा निरोप घेऊन धनेश पक्षी दरबारात आला.

"राजा, कळप पोरका केलास. त्यांचं वडीलधारं परत पाठव. तीनदा पाठवता येईल, चौथी वेळ नाही."

हत्तीखान्यातली सगुणा माहुतीण पुढे झाली. "महाराज, त्या तिघांतली माझी दुर्गी हत्तीण सोडा. जंगलाकडं तोंड करून उभी असते. चाऱ्याला तोंड लावत नाही. अशानं मरेल ती."

प्रधान हसला. "ती म्हातारी? तिला सुळेसुद्धा नाहीत!"

राजानं लांब सुळ्यांचा हत्ती पाठवला, पाठीवर जरीची झूल. तो वाटेतल्या उसात शिरला तो शिरलाच. मग दुसरा पाठवला, त्याहून उंच, पुढं ढोल-ताशे. कळपानं त्याला पाहून पाठ फिरवली. दोघांनाही माघारी हत्तीखान्यात आणून बांधलं.

सगुणा कडाडली, "अहो, नर वयात आला की कळप सोडतो, एकटा हिंडतो. पिल्लं सांभाळायची, पाण्याची वाट दाखवायची, हे सगळं म्हातारीचं काम. तुम्ही मिशा बघून माणसं नेमता, हत्तींत तसली रीत नाही!"

राजा म्हणाला, "सोड तिला. चुकलीस तर डोकं उडवीन."

"उडवा. नाहीतरी त्या डोक्याचं ऐकताय कुठं तुम्ही!"

सगुणानं साखळी काढली. दुर्गी तडक निघाली, मागोमाग सगुणा, राजा आणि प्रधान. ओढ्याच्या कडेला पांढरी हाडं पडली होती, तिथं मात्र थांबली. सोंडेनं कवटी चाचपली, वर फांदी घातली.

"हाक तिला!" प्रधान ओरडला.

"बहीण आहे तिची. सुतकात आहे ती. तोंड मिटा."

प्रधानानं पागोटं उतरवून हातात घेतलं.

एवढ्यात पायाखालची जमीन गुरगुरली. झाडी फोडून कळप आला. सोंडेत सोंडा गुंतल्या, कान फडफडले, पिल्लं दुर्गीच्या पोटाखाली घुसली. त्याच घडीला नद्यांना पाणी आलं. प्रधान गुडघाभर भिजला.

दुर्गीनं मागं येऊन सगुणाचं डोकं हुंगलं.

"जा गं बाई, लेकीबाळींत जा," म्हणत सगुणानं डोळे पुसले.

राजानं विचारलं, "सगुणाबाई, काय देऊ?"

"आधी ते खड्डे बुजवा. आणि उरलेले दोघं सोडा."

राजानं स्वतः फावडं धरलं. नद्या आपल्या पात्रात, हत्ती आपल्या गोतात. सांगायचं होतं ते सांगून झालं.