वैजूची वाटी आणि पानमळ्यातली परी

मुलांनो, आधीच माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ चुकतं आणि मोठे शब्द मला येत नाहीत. पण गोष्ट चांगली आहे. ती वैजूताईची आहे, माझ्या सख्ख्या बहिणीची. गोष्टीतलं बाळ म्हणजे मी. मी तेव्हा नुसता रडत होतो, म्हणून ताईने सांगितली तशीच लिहितो.

पानमळा कधी नीट पाहिलाय का तुम्ही? शेवरीच्या उंच उंच झाडांवर विड्याच्या पानांच्या वेली चढवलेल्या असतात. वरून पिवळंधमक ऊन येतं आणि पानांतून गाळून खाली पोपटी होऊन सांडतं. आत शिरलं की हात हिरवा, नाक हिरवं, सावलीसुद्धा हिरवी!

अशाच एका मळ्याच्या कडेला एक छोटंसं घर होतं. घरात वैजू, तिची आई आणि नुकतंच जन्मलेलं इवलंसं बाळ. बाबा दूरच्या गावी विहिरी खणायला गेलेले. आईला माहेर उरलं नव्हतं. बाळंतिणीला द्यायला ना डिंकाचे लाडू, ना खारीक, ना तुपाचा थेंब. आईच्या अंगात ताकद नव्हती, म्हणून तिला दूध येईना. बाळाचं रडणं बारीक बारीक होत चाललं, मांजराच्या पिल्लासारखं.

"आई, शेजारून मागून आणू का गं थोडा डिंक?" वैजूने विचारलं.

"नको गं माझे बाय. मागायचं नाही कुणापुढे," आई म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

शेजारणी वाईट नव्हत्या हं. एकीला वाटलं, तिच्या माहेरहून आलं असेल. दुसरीला वाटलं, न मागता दिलं तर तिला लागेल मनाला. असं करता करता कुणीच काही दिलं नाही.

शाळा सुटली की आईच्या जागी वैजू मळ्यात वेली बांधायला जायची. लव्हाळ्याच्या पात्याने वेल झाडाला बांधायची, फार सैल नाही, फार घट्ट नाही. एके दिवशी एक गाठ आपोआप हलू लागली. थुईथुई! वैजूने वाकून पाहिलं. गाठीत एक चिमुकली परी अडकली होती. बोटाएवढी! अंगात कोवळ्या पानाचा झगा, केसांत दवाचे चमचमते मणी, पंख लसणीच्या सालीइतके पातळ.

"सोडव ना गं," परी कळवळून म्हणाली. "कुणी बांधलं मला?"

"मीच बांधलं असेल. चुकून," वैजू म्हणाली. तिने नखाने हळूहळू गाठ उकलली, पंखाला धक्का न लावता. मग पंखावर फुंकर घातली.

परी हसली. मळ्यात जणू काजवेच काजवे झाले. तिने एक छोटीशी पितळी वाटी वैजूच्या हातात ठेवली.

"ही इच्छावाटी. जे म्हणशील ते हिच्यात येईल. पण नियम आहेत हं. इच्छा दुसऱ्याच्या घरासाठी करायची, आपल्या घरासाठी नाही. वाटी आपल्या हाताने द्यायची आणि तिथेच ठेवायची. आणि ती परत मागायची नाही, कधीच."

वैजूने लगेच डोळे मिटले. "आईसाठी डिंक!"

वाटी रिकामीच.

"मग काय उपयोग तुझ्या वाटीचा?" वैजूला रडूच फुटलं. "माझं बाळ उपाशी आहे!"

परीचे डोळेही भरून आले. "नियम मला मोडता येत नाही, राणी. पण वाटी देऊन तर बघ."

वैजू डोळे पुसत घराकडे निघाली. वाटेत गोजरामावशीच्या घरातून खोकला ऐकू आला. गोजरामावशी म्हणजे गावची कासारीण. घरोघर जाऊन बांगड्या भरायची आणि तिखट तिखट बोलायची. वैजू दारात थांबली आणि पुटपुटली, "मावशीचा खोकला जाऊ दे." खुळखुळ! वाटीत सुंठगुळाच्या गोळ्या आल्या, मधासारख्या झळाळणाऱ्या.

"हे गं काय?" मावशी म्हणाली. "तुझ्या घरची चूल थंड आणि मला खाऊ? डोकं फिरलं की काय पोरी?" पण तिने गोळी तोंडात टाकली, आणि खोकला पळाला! मग तिने वैजूचं मनगट धरलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या.

दिवेलागणीला मावशी वाटी घेऊन वैजूच्या दारात हजर. वाटीत मूठभर डिंक!

"मावशी, आम्ही मागितलं नव्हतं," आई अंथरुणातून म्हणाली.

"मी कुठे म्हणतेय मागितलंस? दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची असते होय? तुझ्या आईने हेच शिकवलं का तुला?"

आई कितीतरी दिवसांनी हसली.

वैजूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवशी वाटी शेजारच्या जैनबचाचीकडे गेली. तिचा धाकटा तापातून उठला होता, त्याला बत्तासे. वाटी परत आली ती खारकांनी भरून! डिंक आणि खारीक पोटात गेल्यावर आई उठून बसली. बाळाला थोडंसं दूध मिळालं. थोडंसंच.

मग वैजू वाटी घेऊन मोठ्या माडीवर गेली. तिथे मळ्याच्या मालकीणबाई राहायच्या, इंदुमती वहिनी. त्यांच्याकडे सगळंच होतं. त्यांना काय द्यावं? वैजूला आठवलं, मुली चिंचा पाडायच्या तेव्हा वहिनी गच्चीतून टक लावून बघत उभ्या असायच्या. "वहिनींसाठी कच्च्या चिंचा, वर मीठ!" वाटी भरली. वहिनींनी वाटी घेतली, वैजूकडे बघितलं आणि दार लावून घेतलं.

आणि वाटी परतच आली नाही.

डिंक संपला. खारका संपल्या. बाळ पुन्हा मलूल झालं, दूध ओढायचंही विसरू लागलं. वैजू रोज माडीसमोर जाऊन उभी राहायची. ओठांवर शब्द यायचे, "वहिनी, माझी वाटी..." पण परीचा नियम आठवून ती ते गिळायची आणि परत यायची.

अशात एके दिवशी गोजरामावशी माडीवर बांगड्या भरायला गेली. मांडणीत पितळी वाटी लखलखत होती.

"काय वहिनी, वैजूची वाटी तुमच्या मांडणीत फार शोभते की!"

इंदुवहिनींचा चेहरा लाल झाला. "ठेवून घ्यायची नव्हती हो. पण परत करायची तर तिच्यात काय घालावं, तेच सुचेना. इतक्या वर्षांत माझ्या दारी कुणी वाटी पाठवलीच नाही. सगळ्यांना वाटतं, हिला काय कमी! चिंच खाल्ली आणि मी रडले, मावशी."

"रडा हो निवांत. पण तिकडे बाळ रडायचं थांबत चाललंय, त्याचं काय?"

इंदुवहिनी ताडकन उठल्या. कधी पायी न जाणाऱ्या वहिनी पानमळ्याच्या चिखलातून चालत निघाल्या. एका हातात वाटी, साजूक तुपाने काठोकाठ. मागून मावशी अळीव घेऊन, जैनबचाची गूळ घेऊन, आणि आणखी कितीतरी बाया. इवलंसं घर बांगड्यांच्या किणकिणाटाने भरून गेलं. कुणी चूल पेटवली, कुणी पाणी तापवलं, कुणी लाडू वळले. वहिनींनी बाळाला आपल्या पदरात गुंडाळलं.

"माझ्या मळ्यात बाया राबतात आणि त्यांची तान्ही बांधावर पडून असतात," त्या हळूच म्हणाल्या. "मी रोज बघत होते. मळ्यातली अवजारांची खोप रिकामी करते. तिथे पाळणे टांगू."

"आणि बाळंतिणीने पाळण्याशेजारी बसून पानं निवडायची," मावशीने ठणकावलं. "ओझी उचलायची नाहीत. कबूल?"

"कबूल, मावशी. पण नीट चालतंय की नाही, ते तुम्ही बघायचं."

"बघते की! चुकलात तर तुम्हालाही बोलेन."

सगळ्या हसल्या. आणि त्या हसण्यात एक नवा आवाज आला. चुटूचुटू, चुटूचुटू! बाळ पोटभर दूध पीत होतं.

वैजू उंबऱ्यावर बसली. तिच्या गुडघ्यावर परी येऊन टेकली. "वैजू, आता एक इच्छा तुझ्या स्वतःसाठी. काय देऊ? रेशमी परकर? सोन्याचे डूल?"

वैजूने जांभई दिली. "मला ना, झोप दे."

परी खुदकन हसली. तिने वैजूच्या पापण्यांवर दवाचे दोन थेंब ठेवले. वैजू तिथेच आईच्या पायाशी आडवी झाली. म्हणून परी गेली तेव्हा तिने पाहिलंच नाही. पण आईने पाहिलं. भिंतीवर पोपटी उजेड नाचला, बाळाच्या गालावरून फिरला, आणि दारातून मळ्यात जाऊन पानापानात विरला.

आता त्या खोपीत पाळणेच पाळणे आहेत, आणि मोठी झालेली वैजूताई तिथलं सगळं बघते. तुम्ही सगळी तिथल्याच पाळण्यांतली. वाटीत आता आपोआप काही येत नाही. आपणच घालायचं. काल संध्याकाळी ताईने मला ही गोष्ट पुन्हा सांगितली आणि वाटी माझ्या हातात दिली.

आज सकाळी उठून मी डिंकाचे लाडू वळले. माझ्या अक्षरासारखेच वाकडे झाले. ओढ्यापलीकडे नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांच्याकडे बाळ झालंय. मी दारात गेलो. वाटी पुढे केली. त्या घरातल्या ताईंनी विचारलं, "कुणाकडून?" मी म्हटलं, "खोपीतून." आत बाळ जोरजोरात रडत होतं, चांगलं खणखणीत.

वाटी तिथेच ठेवून मी घरी आलो.