कारवीचा बहर आणि करडा डबा

सह्याद्रीच्या पायथ्याशी आंबेवणी नावाच्या गावात वैजयंती नावाची एक तरुणी राहत होती. गावामागच्या डोंगरावर सात वर्षांनी कारवी फुलायला लागली, तेव्हा तिने रोज वर जाऊन एकाच जागेवरून फोटो काढले. तिच्या म्हाताऱ्या वडिलांना, आबांना, आता डोंगर चढवत नव्हता. "पुढच्या बहराला मी कुठला असायला!" ते म्हणाले. तेव्हा सगळे फोटो एकापुढे एक जोडून त्यांची फिल्म करायची आणि अख्खा बहर आबांना घरबसल्या दाखवायचाच, असं तिने ठरवलं.

घरी कंपनीने जोडून दिलेला तयार कॉम्प्युटर होता. एवढं काम त्याला झेपेना. वैजयंतीने शहरातून चित्रांचं काम वेगाने करणारं मोठं ग्राफिक्स कार्ड आणून त्यात बसवलं. काय त्याचा थाट! तीन पंखे, रंगीत दिवे. शेजारीपाजारी बघायला आले. पण फोटो जोडायला घेतले, की कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा. "खटाराच आहे मेला!" ती चिडली. इकडे आबांना बसल्या जागी धाप लागू लागली होती.

खंडेनवमीला अवजारं पुजायची रीत. वैजयंतीने कॉम्प्युटरची वायर काढली, झाकण उघडलं, धूळ पुसली आणि नव्या कार्डाला हळदकुंकू लावलं.

"या साऱ्या तारा निघतात कुठून गं?" आबांनी विचारलं.

"त्या कोपऱ्यातल्या करड्या डब्यातून. तो सगळ्यांना वीज पुरवतो."

"म्हणजे पंगतीचा वाढपी तो. आणि त्यालाच कुंकू नाही?"

वैजयंती ओशाळली. कुंकवाचं बोट घेऊन ती वाकली आणि डब्यावरचा मजकूर तिने पहिल्यांदाच वाचला. एकटं नवं कार्ड जेवढी वीज मागत होतं, जवळजवळ तेवढीच त्या डब्याची सारी ताकद होती; म्हणूनच काम वाढलं की कॉम्प्युटर बंद पडायचा. तरी बिचारा रोज सगळ्यांना पुरं पडायला धडपडत होता! तिला नवलही वाटलं आणि लाजही.

तिने त्याच मापाचा, जास्त ताकदीचा डबा मागवून बसवला. मग कॉम्प्युटर दिवसभर न थांबता चालला. संध्याकाळी पडद्यावर हिरवा डोंगर कळीकळीने जांभळा होत गेला. ढग धावले, मधमाश्या उठल्या, अवघा कडा फुलांनी झाकला. जमलेले गावकरी श्वास रोखून बघत होते. आबा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"फुललेला डोंगर जन्मभर बघितला गं, पोरी," ते म्हणाले. "फुलताना आज बघितला."

तात्पर्य: मोठं काम अंगावर घेताना, मिरवणाऱ्याआधी सगळ्यांना पोसणाऱ्याचं बळ वाढवावं.