काळ्या खडकावरची अंडी

पोरांनो, एका जंगलाच्या कडेला, झाडं संपून माळ लागतो तिथे, एक टिटवी राहत होती. टिटव्या काही घरटं विणत बसत नाहीत. उघड्या जमिनीवर अंडी घालतात, म्हणजे जागा निवडली की झालं घर. त्या माळावर पांढऱ्या गारगोट्यांचा एक पट्टा होता, वर वाळलेलं गवत पसरलेलं. बाकी साऱ्या टिटव्या तिथेच अंडी घालायच्या. पण या बाईची हौसच भलती! पट्ट्याशेजारी एक सपाट, चकचकीत काळा खडक होता. चैत्रातल्या एका सकाळी उन्हं नुकती वर आली होती, तेव्हा तिने त्यावर पाय ठेवला आणि हरखून गेली. "अहो, बघा कशी छान ऊब आहे! त्या गारगोट्या अजून गारच."

टिटवा म्हणाला, "अगं, सकाळीच हा एवढा तापलाय, तर दुपारी काय करील? काळा दगड ऊन पिऊन बसतो. पांढरा परतवून लावतो."

"तुमचं आपलं रडगाणं कायमचंच! अंड्यांना ऊब लागते, एवढंही कळत नाही?" असं म्हणून तिने खडकावर ओळीने चार अंडी घातली. जवळच्या झुडपाखालून एक सशीण हे बघत होती. ती म्हणाली, "बाई, दुपारी तिथे पाय टेकवत नाही." टिटवीने मान उडवली. "तुमचे पाय नाजूक असतील. मला त्या फटफटीत दगडांवर पोरं वाढवायची नाहीत!"

दुपार झाली. टिटवी अंड्यांवर सावली धरून उभी राहिली. थोड्या वेळाने तिने एक पाय उचलला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई लग्नाच्या वरातीत नाचतेय! ओढ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आली, अंड्यांवर पाणी शिंपडलं, तर ते डोळ्यांदेखत सुकलं. चोचीला अंडं चटका देऊ लागलं. तिला निदान पाय उचलता येत होते, अंड्यांना पाय कुठले?

"सशीणबाई, धावा हो!" ती किंचाळली. "माझी पोरं भाजली!"

"मीठ घेऊन येऊ का?" सशीण झुडपातून ओरडली. पण बोलता बोलताच उड्या मारत आली. तिने नाकाने, टिटव्याने चोचीने, एकेक अंडं हळूहळू ढकलत पट्ट्यावरच्या गवतात नेलं. नाक भाजलं की सशीण शिंकायची, आणि टिटवी म्हणायची, "अहो, सांभाळून शिंका!" गवताखाली हवा खेळत होती आणि गारगोट्याही सोसवतील इतपतच तापल्या होत्या. टिटवी तिथे बसली, ती पुढचे कितीतरी दिवस अंडी उबवत राहिली.

तीन अंड्यांतून पिलं बाहेर पडली. सगळ्यांत शेवटी हलवलेलं चौथं अंडं मात्र तसंच राहिलं. टिटवी त्यावर आणखी आठ दिवस बसली होती.

तात्पर्य : गार सकाळी गोड वाटलेल्या जागेवर भर दुपारी हात ठेवून बघावं, आणि मगच तिथे पोरंबाळं न्यावीत.