तिवरावर चढलेली निवटी

फार पूर्वीची गोष्ट. कोकणातल्या एका खाडीत निवटी नावाची इवलीशी मासोळी राहायची. एकदा ओहोटीला ती आणि म्हातारा शिंगाळा मासा एका डबक्यात अडकले. पाणी आटत चाललं होतं, आणि समोरून बगळा येत होता.

“मी चिखलावरून पळते,” निवटी म्हणाली.

“वेडे, माशाने पाणी सोडायचं नसतं!” शिंगाळा ओरडला.

“आणि बगळ्याच्या पोटात जायचं असतं?”

कल्ल्यांत पाणी भरून घेऊन ती पुढच्या परांवर अंग रेटत निघाली. जीव घाबरा झाला, तरी थेट काठावरच्या तिवराच्या झाडाच्या दाट मुळांत चढली. बगळा शिंगाळ्याला सोडून तिच्यामागे धावला, पण त्याची चोच आत पोहोचेना.

“मासा आणि झाडावर? हे नियमात बसत नाही!” बगळा चिडला.

“नसेल बसत. मी बसलेय ना!”

बगळा तावातावाने भांडत राहिला, आणि तिकडे भरतीचं पाणी डबक्यात शिरून शिंगाळा सुटला.