उसने वर्ष

फार जुनी गोष्ट आहे. राजाला गादीवर बसून बारावे वर्ष लागले होते आणि माघातली थंडी ओसरत होती. कासाराचा एक मुलगा राजधानीतून पायी घरी परतला. व्यापारशाळेच्या प्रवेशपरीक्षेत तो नापास झाला होता.

त्या परीक्षेत आधी हिशेब घालत, मग एक प्रश्न विचारत. प्रश्न दरवर्षी तोच: "शेवटचं गिऱ्हाईक तुझ्या हातून का गेलं?"

मुलाने सांगितले होते, "बांगडी चढवताना माझं लक्ष शेजारी बसलेल्या बाईच्या सोन्याच्या पाटल्यांवर गेलं. बाईला ते कळलं. ती उठली."

परीक्षक हसले. "उत्तर चोख आहे. हिशेब कच्चे आहेत, पण ते दुकानात बसून पक्के होतात. तुला शाळेची गरज नाही, पुन्हा येऊ नकोस. बांगड्या वीक."

पण शेजारचा तेल्याचा पोरगा पास झाला होता. शाळेची लाल पगडी घालून तो गल्लीतून मुद्दाम दोनदा गेला. "काय रे, बांगड्या भरायला परीक्षा लागत नाही, बरं का!"

ते मुलाला झोंबले.

घरात आंधळी आई आणि मोठी बहीण होती. बहिणीचे लग्न वैशाखात ठरले होते. मग दुकान भावाने सांभाळायचे होते.

"आक्का, मला एक वर्ष दे. पुन्हा परीक्षेला बसतो. लग्न पुढच्या वैशाखात करू."

"आणि नवऱ्याकडचे थांबले नाहीत तर?"

"वर्षभराने काय बिघडतंय?"

"तुला शाळा हवी की पगडी?"

बहिणीने बांगड्यांची टोपली स्वतःकडे ओढली. "घे वर्ष. पण उसनं आहे. परत द्यावं लागेल."

तो माळ्यावर बसून हिशेब घोकू लागला. खाली बायका घासाघीस करत, रुसत, उठून जात. तो कानांत बोळे घाली.

वैशाखात तो पाणी प्यायला खाली उतरला. "आज गर्दी कसली होती?"

"नवरीचा चुडा भरला. ते थांबले नाहीत. गावातलीच दुसरी मुलगी केली त्यांनी."

"तिचा चुडा तू भरलास?"

"गावात दुसरी कासारीण आहे का? जा, घोक."

माघात तो पुन्हा परीक्षेला बसला. हिशेबात एकही चूक झाली नाही. मग तो प्रश्न आला. त्याने पाटल्यांचीच हकिगत सांगितली.

"हे मागच्या वर्षीचं गिऱ्हाईक. यंदाचं कुठे आहे?"

"यंदा मी अभ्यास केला."

"कशाचा?" परीक्षकांनी विचारले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

घरी येऊन तो माळ्यावर चढला नाही. त्याने टोपली उचलली. "आक्का, तुझं वर्ष."

वर्षभर बहीण ओसरीवर आईजवळ बसून राहिली. लग्नासाठी कुणी विचारायला आले नाही. पुन्हा माघ आला, तेव्हा तिने भावाच्या हातातली टोपली काढून घेतली. उसने वर्ष फिटले, मोडलेले लग्न मात्र परत आले नाही.

आपल्या हट्टाच्या परीक्षेसाठी दुसऱ्याच्या आयुष्यातले वर्ष मागू नये.